चाळीतली खोली फोटोत कशी पकडू?

प्रश्न : लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला जातेय. खोली आवरून भरपूर फोटो काढले, पण त्यात आमचं घर दिसतच नाही. सासूबाईही हेच म्हणाल्या.

उत्तर : ताई, आवरलीत तिथेच घर निसटलं.

लॅरी सुल्तान या अमेरिकी छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात आपल्या आईवडिलांचे फोटो जवळपास १० वर्षं काढले. १९९२च्या पुस्तकात जुन्या घरगुती फिल्ममधली दृश्यं आणि आईवडिलांचं बोलणंही घेतलं. वडिलांना काही फोटो पटले नव्हते. ती तक्रारही पुस्तकात आहे. मला त्यातलं घर सगळ्यात जास्त तिथेच भेटतं.

माझ्या आईच्या ओट्याशेजारी भिंतीवर दुधाच्या हिशेबाच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, काही ओल्या बोटाने पुसलेल्या. मी त्यांचा फोटो काढला. आज भिंत नाही, पण तो फोटो पाहिला की आई ओट्याशी उभी दिसते.

अख्ख्या खोलीचा एकच फोटो ठेवा. मग झिजलेला उंबरठा, गॅलरीतली दोरी, मोरीतला पितळी नळ. एकच कोपरा सकाळी आणि दिवेलागणीला टिपा. पंधरा-वीस प्रिंट काढून जमिनीवर मांडा आणि सासूबाईंना क्रम लावू द्या. त्या बोलतील ते त्यांच्याच शब्दांत मागे लिहून ठेवा.