आधी घराची घडी बसू द्या

मिशनरी म्हणून कुटुंबासह परदेशी जाताय? मग पोहोचल्या पोहोचल्या सेवाकार्याला हात घालू नका. पहिले काही महिने भाषा शिका, आणि दोघांनीही शिका. बहुतेक घरांत नवरा वर्गाला जातो, बाहेर फिरतो, बोलता होतो. बायको मुलांत अडकते आणि वर्षभरानंतरही शेजारणीशी धड बोलू शकत नाही. मग घरात धुसफूस. मुलं आळीपाळीने सांभाळा, पण तिचा वर्ग चुकू देऊ नका.

इंग्रज मिशनरी विल्यम केरी 1793 साली बंगालला निघाले तेव्हा पत्नी डोरोथी आधी तयारच नव्हत्या. अगदी ऐनवेळी आल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला आणि डोरोथींचं मन जे ढासळलं, ते 1807 मध्ये त्या वारल्या तोवर सावरलं नाही. केरींचं बायबल भाषांतराचं काम आपण कौतुकाने सांगतो, हे मात्र गाळतो. तेव्हा जोडीदार गप्प गप्प असेल तर ‘प्रार्थना कर’ एवढ्यावर भागवू नका. विचारा, ऐका, गरज पडली तर डॉक्टर गाठा.

मुलं भाषा भराभर उचलतात, आणि मग दुभाषे म्हणून आपणच त्यांना पुढे करतो. दवाखान्यात तरी हे नको. आईचा आजार नऊ वर्षांच्या पोरीने डॉक्टरांना का समजावून सांगावा?

व्हिसाची कागदपत्रं, शाळेचे दाखले, लसीकरणाच्या नोंदी एका फाइलमध्ये ठेवा. तुम्हाला पाठवणाऱ्या मंडळीला, म्हणजे चर्चला, लिहाल त्या पत्रात अडचणीही येऊ द्या. आणि आठवड्यातला एक दिवस फक्त कुटुंबाचा, फोन बंद. त्यासाठी रविवार धरू नका, तो तुमच्या कामाचा दिवस आहे.