वाचक विचारतात : जहाज बुडालं की कर्जही बुडायचं?

प्रश्न (हर्णैचे एक बोटमालक) : माझी सहा सिलेंडरची बोट आहे, बँकेचं लोन चालू आहे. कुठंतरी वाचलं की जुन्या ग्रीसमध्ये जहाज बुडालं तर कर्ज फेडायलाच लागायचं नाही. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर सावकार पैसे द्यायचे तरी कशाला?

उत्तर : खरं आहे दादा, आणि त्यात सावकाराची दया वगैरे काही नव्हती, सरळ हिशोब होता. इ.स.पू. चौथ्या शतकातली अथेन्सच्या कोर्टातली भाषणं डेमॉस्थेनिस ह्या तिथल्या नामांकित वक्त्याच्या नावावर आजही वाचायला मिळतात, त्यातल्या एकात अख्खा करारनामाच आहे. दोन सावकारांनी दोघा व्यापाऱ्यांना ३,००० द्राख्मा (तिथलं चांदीचं नाणं) दिले. अथेन्सहून निघायचं, उत्तरेला मेंडे नाहीतर स्कियोनीला जायचं, मेंडेच्या वाइनचे ३,००० घडे भरायचे, ते काळ्या समुद्रात नेऊन विकायचे आणि तिथला माल घेऊन परत यायचं. व्याज हजारामागं २२५. पण काळ्या समुद्रातून निघायला उशीर झाला, म्हणजे स्वातीचा तारा पहाटे उगवायला लागला (साधारण सप्टेंबरचा मध्य) आणि त्यानंतर निघाले, तर हजारामागं ३००. नाखवा आणि तांडेल मंडळींना हे वेगळं समजवायला नको, हंगाम उलटला की दर्याचा भरवसा नाही, फक्त आपला बंद पावसाळ्यात आणि त्यांचा हिवाळ्यात.

आता हे २२५ वर्षाचे नाहीत हां, एका खेपेचे! जमीन तारण ठेवून पैसे घेतले तर वर्षाला १२ टक्क्यांच्या आसपास पडायचे, त्याच्यापुढं हे बघा. एवढं व्याज व्यापारी कबूल का करायचा, तर करारातच लिहिलेलं होतं की जहाज सुखरूप आलं तर २० दिवसांत पैसे द्यायचे, तेही वादळात जहाज वाचवायला सगळ्यांनी मिळून ठरवून जो माल समुद्रात टाकला असेल त्याची किंमत आणि शत्रूला जे काही द्यावं लागलं असेल ते वजा करून. जहाज बुडालं तर घेणाऱ्यावर कर्ज राहत नसे. तुमच्या बँकेचं व्याज वेगळं आणि विम्याचा हप्ता वेगळा, तिथं दोन्ही एकाच आकड्यात धरलेलं असायचं. म्हणून शहाणा सावकार सगळी रक्कम एका जहाजावर लावायचा नाही, चार ठिकाणी थोडी थोडी लावायचा, आणि कधीकधी आपला माणूसही जहाजावर बसवायचा.

तो माणूस कशाला, ते दुसऱ्या एका खटल्यात कळतं. हेगेस्ट्रॅटस नावाचा जहाजमालक आणि त्याचा साथीदार झेनोथेमिस, दोघंही मार्सेलचे. ह्यांनी सिसिली बेटावरच्या सिराक्यूजला कर्ज उचललं, पैसे गुपचूप घरी पाठवून दिले, आणि जहाज निघाल्यावर दोन-तीन दिवसांनी हेगेस्ट्रॅटस रात्री तळात उतरून बुडाची फळी कापायला लागला. जहाजच बुडालं तर कर्ज मिटलं ना! वर झेनोथेमिस बाकीच्यांबरोबर काही घडतच नसल्यासारखा बसलेला. खालचा आवाज लोकांनी ऐकला, हेगेस्ट्रॅटस पकडला गेला, पळायला म्हणून त्यानं मागच्या छोट्या होडीवर उडी मारली, अंधारात होडी चुकली आणि तो बुडून मेला. जहाज मात्र केफालोनिया बेटाला लागलं, आणि हे सगळं सावकाराच्या बाजूनं कोर्टात सांगितलं गेलं म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

आणि सावकार पैसे देत होते कारण ही जहाजं परतताना काळ्या समुद्राकडचं धान्य आणायची आणि अथेन्सला ते हवंच होतं. आजूबाजूची जमीन ऑलिव्ह-द्राक्षांची, गहू पुरायचा नाही. डेमॉस्थेनिस एका भाषणात सांगतो की काळ्या समुद्राकडच्या बॉस्पोरस राज्यातून ४ लाख मेडिम्नोस धान्य येतं. एक मेडिम्नोस म्हणजे साधारण ४० किलो गहू धरला तर १६ हजार टन झाले. तिथला राजा ल्यूकॉन बाकीच्यांकडून तिसावा हिस्सा जकात घ्यायचा, अथेन्सकडं येणाऱ्या धान्याला ती माफ होती. उलट अथेन्सचा स्वतःचा कायदा कडक होता, जे जहाज अथेन्सला धान्य आणणार नाही त्याच्यावर अथेन्सच्या रहिवाशानं पैसे लावायचेच नाहीत. ही लाइन तुटली तर काय होतं ते त्यांनी बघितलेलं होतं, इ.स.पू. ४०५ मध्ये स्पार्टाच्या लायसँडरनं त्यांचं आरमार संपवलं, समुद्राची वाट बंद केली, आणि पुढच्या वर्षी उपासमारीनं अथेन्स शरण आलं.

प्रश्न (मालवणच्या एक मासेविक्रेत्या ताई) : त्यांच्याकडं पण मासळी बाजार होता का? आणि खोट्या नोटा आम्हाला रोजच्या, त्यांचं काय?

उत्तर : होता ताई, आणि चांगलाच गजबजलेला. स्ट्रेबो ह्या ग्रीक भूगोलकारानं आयासस नावाच्या गावाची गोष्ट लिहून ठेवलीय, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं गाव, जमीन खडकाळ, पोट समुद्रावर. एक गायक तिथं गात होता, सगळे ऐकत होते, इतक्यात मासळीची घंटा वाजली आणि सगळे उठून बाजाराकडं पळाले. कानानं कमी असलेला एकच माणूस उरला. गायकानं त्याचे आभार मानले, की बाबा तू तरी मान ठेवलास. तर तो म्हणाला, काय, घंटा झाली? मग बरं आहे तुमचं, आणि तोही निघाला!

खोट्या नाण्यांसाठी इ.स.पू. ३७५ चा अथेन्सचा कायदा दगडावर कोरलेला १९७० मध्ये तिथल्या जुन्या बाजारातच सापडला. बाजारात एक तपासनीस बसवलेला असायचा. त्यानं चांदीचं नाणं खरं म्हटलं की विक्रेत्याला घ्यावंच लागायचं, नाही म्हटला तर त्याचा त्या दिवसाचा माल जप्त. आत तांबं नाहीतर शिसं निघालं तर तपासनीस जागच्या जागी नाणं कापून टाकायचा. हा तपासनीस सरकारी गुलाम होता, आणि कामात कसूर केली तर त्याला ५० फटके.

प्रश्न (चौलचे एक वाचक) : ग्रीक आपल्या बंदरात येत होते का?

उत्तर : येत होते, पण अथेन्सच्या भरभराटीनंतर बऱ्याच काळानं, रोमन अमलातल्या इजिप्तमधून. इ.स. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात कल्याणच्या खाली सेमिल्ला बंदर येतं, ते चौलच मानतात. त्याच पुस्तकात आहे की कल्याणला चुकून ग्रीक जहाज लागलं तर पहारा देऊन भडोचला नेतात.

प्रश्न (चिपळूणची कॉलेज विद्यार्थिनी) : माझा प्रोजेक्ट आहे. ग्रीसची एवढी श्रीमंती गुलामांच्या जिवावर होती असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर : लिही, पण एका वाक्यात उरकू नकोस. अथेन्सच्या एरेक्थियन मंदिराचे इ.स.पू. ४०९ ते ४०७ चे मजुरीचे हिशोब दगडावर आहेत, त्यात नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम एकाच कामावर दिसतात आणि रोजही तोच, १ द्राख्मा. गुलामाचा पैसा अर्थातच मालकाकडं. शेतकरी, कुंभार, होडी वल्हवणारे ह्यांत स्वतःच्या पायावर उभे असलेले गरीब नागरिकही पुष्कळ होते, त्यांना विसरू नको.

पण चांदीच्या खाणींकडं आलीस की चित्र काळं होतं. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीत इ.स.पू. ४८३ च्या सुमारास मोठा साठा लागला, अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लिस ह्यानं तो पैसा माणशी १० द्राख्मा असा वाटून न टाकता युद्धनौकांना लावायला लावला, आणि त्याच नौकांनी सलामिस बेटाजवळ इराणी आरमाराला हरवलं. ती चांदी अरुंद बोगद्यांत सरपटत गुलामांनी काढली. अथेन्सचाच लेखक झेनोफोन सांगतो की निकियास ह्या श्रीमंत सेनापतीकडं खाणीत १,००० गुलाम होते, ते त्यानं सोसियास नावाच्या थ्रेसच्या माणसाला भाड्यानं दिले होते, माणशी दिवसाला १ ओबोल, म्हणजे द्राख्माचा सहावा भाग, सगळा खर्च जाऊन. आणि अट अशी की संख्या कायम १,००० राहिली पाहिजे, कमी झाले तर सोसियासनं भरून द्यायचे. म्हणजे खाणीत माणूस मेला तरी निकियासचं भाडं एका ओबोलानं कमी होणार नाही. हा करार झेनोफोन तक्रार म्हणून नाही, चांगला धंदा म्हणून सांगतो, आणि राज्यानंही असेच गुलाम विकत घेऊन भाड्यानं द्यावेत, प्रत्येक नागरिकामागं तीन होईपर्यंत, अशी सूचना करतो. तुझ्या प्रोजेक्टमध्ये हा करार अटीसकट पूर्ण दे.