अमेरिकेत बेसबॉलपटूंचा पगार कसा ठरतो? ‘सर्व्हिस टाइम’ ही काय भानगड आहे?

प्रश्नाखाली तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. सरावात होमरनचा (आपल्या षटकारासारखा फटका) पाऊस पाडणाऱ्या पोराला सीझनच्या पहिल्या दिवशी खालच्या संघात का धाडतात? आणि हुआन सोटो या एकट्या खेळाडूला ७६ कोटी ५० लाख डॉलर देणारा हा धंदा नव्या पोरांच्या बाबतीत इतका चिकट कसा?

पहिल्याचं उत्तर एका शब्दात: ब्रेक. शब्द माझा नाही, बाबांचा आहे.

२०१५ च्या उन्हाळ्यात आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे शिकागोला आले. टीव्हीवर क्रिकेट लागेना, म्हणून बाबा माझ्याबरोबर कब्सच्या, म्हणजे शिकागोच्या बेसबॉल संघाच्या, मॅच बघायला बसायचे. त्या वर्षी क्रिस ब्रायंट नवीन होता. मार्चच्या सराव सामन्यांत त्याने ९ होमरन मारले होते, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. तरी ५ एप्रिलला सीझन सुरू झाला तेव्हा साहेब खालच्या संघात. कारण काय, तर फिल्डिंग सुधारायची आहे. १७ एप्रिलला वर बोलावलं. बारा दिवसांत फिल्डिंग सुधारली म्हणायची.

मी बाबांना समजावलं की वरच्या संघात १७२ दिवस भरले की एक वर्षाची नोकरी धरतात, हाच तो ‘सर्व्हिस टाइम’.

“आणि ह्याचे किती भरणार?”

“१७१.”

बाबांनी कप खाली ठेवला. “म्हणजे ब्रेक दिला म्हण की.”

पिंपरी-चिंचवडकरांना ब्रेक काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: वर्षभरात २४० दिवस भरलेल्या टेंपररी कामगाराला कायम करावं, असं महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या नियमांत, लिहिलेलं होतं. म्हणून मग २४० भरूच द्यायचे नाहीत.

बाबा भोसरीला एका प्रेस शॉपमध्ये होते. नाव लिहीत नाही. आमच्या घरात दिवस मोजायचं काम आईकडे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने दूधवाल्याचे खाडे आणि त्याच चौकोनात निळ्या पेनाने बाबांच्या ड्यूटीचं टिंब. महिना संपला की खाली बेरीज. १९८७ साली गणपतीच्या तोंडावर ती बेरीज २३३ झाली. आई मनातल्या मनात अजून आठवडा मोजत होती. त्या दिवशी सेकंड शिफ्टला गेलेले बाबा तासाभरात परत आले. गेटवर टाइम ऑफिसवाल्याने कार्ड काढून घेतलं होतं, “दिवाळीनंतर चौकशीला या” म्हणाला. मी आठ वर्षांचा होतो. डबा न उघडता परत आला होता आणि तो आम्ही संध्याकाळी खाल्ला, एवढं मला पक्कं आठवतं. दिवाळीनंतर त्याच मशीनवर, त्याच फोरमनखाली, नवीन कार्ड. टिंबं पुन्हा एकपासून. असं तीनदा झालं. शेवटी बाबा कमी पगारावर एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेले, पण कायम झाले. ती कॅलेंडरं आईने रद्दीत घातली नाहीत, अजून माळ्यावर आहेत.

तर बेसबॉलचा हिशोब. पहिली तीनेक वर्षं क्लब देईल तेवढंच घ्यायचं, फक्त किमान पगाराच्या खाली देता येत नाही. २०२६ साठी तो ७ लाख ८० हजार डॉलर आहे. तीन वर्षं भरली की आर्बिट्रेशन: खेळाडू एक आकडा सांगतो, क्लब दुसरा, आणि लवाद त्यातला एकच उचलतो. मधला काढत नाही. दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान सर्वांत जास्त सेवा झालेल्या २२ टक्क्यांना हे दार जरा आधी उघडतं, त्यांना ‘सुपर टू’ म्हणतात. सहा वर्षं भरली की मोकळा, हव्या त्या क्लबशी बोला. सेवा लिहितात ती वर्षं, टिंब, दिवस अशी. २०२० च्या शेवटी ब्रायंटचा आकडा होता ५.१७१. एक दिवस कमी, म्हणून अख्खा २०२१ कब्सच्याच हातात. मधेच त्यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला विकलं, ते वेगळंच. बाजारात उभा राहिला तेव्हा वयाची तिशी जवळ आलेली. एक वर्ष आधी सुटला असता.

त्याने तक्रार केली होती. निकाल २०२० उजाडल्यावर लागला, विरुद्ध. नियमाची अक्षरं क्लबच्या बाजूने होती. बाबांचं कार्ड काढून घेणाऱ्याच्याही बाजूने असणार.

आता माझा साडू. चाकणला एका कारखान्यात एचआरमध्ये आहे. दर भारतवारीत जेवणाच्या ताटावर आमचं यावरून वाजतं. “करोडपतींसाठी कसला गळा काढतोस?” हे त्याचं ठरलेलं वाक्य. अरे बाबा, २०१६ मध्ये कब्सने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, ब्रायंट लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्या वर्षी त्याचा पगार ६ लाख ५२ हजार डॉलर. आर्बिट्रेशनचं दार उघडल्यावर २०१८ मध्ये तोच माणूस १ कोटी ८ लाख ५० हजारांवर. मधला फरक कुणाच्या खिशात गेला? आणि खालच्या संघातले? २०२३ च्या करारापर्यंत ट्रिपल-ए मधल्या, म्हणजे अगदी उंबरठ्यावरच्या पोरालाही किमान १७,५०० डॉलरच मिळायचे. वर्षाचे. त्या करारात ३५,८०० झाले. शिकागोत तेवढ्यात घरभाडं भरून काय उरतं ते साडूने येऊन बघावं.

“धंद्यात असंच असतं, कुणी बोलत नाही एवढंच,” हे त्याचं दुसरं वाक्य. बोलला एक जण. २०२१ मध्ये सिॲटल मरिनर्सचा अध्यक्ष रोटरी क्लबच्या बैठकीत बाकीच्या बऱ्याच बडबडीबरोबर हेही बोलून गेला की नव्या पोरांना आम्ही मुद्दाम खाली ठेवतो. व्हिडिओ फुटला, राजीनामा द्यावा लागला. शिक्षा बोलल्याची, केल्याची नाही.

आर्बिट्रेशनच्या सुनावणीत तर क्लब स्वतःच्याच खेळाडूची उणीदुणी काढतो. २०२३ मध्ये मिलवॉकीच्या कॉर्बिन बर्न्सने १ कोटी ७.५ लाख मागितले, क्लब १ कोटी १० हजारांवर अडला. ७ लाख ४० हजारांसाठी बसून ऐकवलं. बर्न्सने जाहीर सांगितलं की नात्याला तडा गेला. पुढच्या वर्षी त्याला बाल्टिमोरला पाठवून दिलं. एचआरवाल्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

थोडी दुरुस्तीही करतो, नाहीतर साडू खाली येऊन लिहील. ब्रायंट नंतर कोलोराडोत १८ कोटी २० लाख डॉलरवर गेला, त्याची चूल विझली नाही. बाबांच्या मागे तगडी युनियन नव्हती, ह्यांच्या मागे आहे. आणि २०२२ च्या करारात थोडा उतारा सापडला आहे: सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलास तर दिवस कमी असले तरी पूर्ण वर्ष धरतात. पॉल स्कीन्सला पिट्सबर्गने २०२४ मध्ये ११ मे पर्यंत खाली ठेवलं, तो पहिला आला आणि वर्ष पदरात पाडून घेतलं. हे फक्त अव्वल पोरांना लागू. तिसरा आलेला बसला टिंबं मोजत.

सोटोचं राहिलंच. तो १९ व्या वर्षी वर आला, म्हणून २०२४ संपताना २६ व्या वर्षीच मोकळा झाला. २०२२ मध्ये वॉशिंग्टनने त्याच्यापुढे ४४ कोटींचा कागद ठेवला होता, त्याने सही केली नाही. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या मेट्स क्लबने १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी दिले. बाबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, “त्याच्या घरी कॅलेंडर कोण बघत होतं?”