चार लिटरच्या डब्यात आख्खी बोट?

प्रश्न : आमची मालवणात फायबरची टुरिस्ट बोट आहे, 9 मीटर लांब, अडीच रुंद, पाण्यात अर्धा मीटर बसते. दरवर्षी अँटीफाउलिंगचा (तळाला समुद्री जीव चिकटू नयेत म्हणून मारायचा पेंट) 4 लिटरचा डबा थिनर घालून पुरवून मारतो, तरी जानेवारीपर्यंत तळाला बार्नॅकल (कडक कवचाचे चिकटून बसणारे जीव) लागतातच, मग बोट पळत नाही आणि डिझेल जास्त जातं. दुकानदार म्हणतो सिलिकॉनवाला पेंट घ्या, चार-पाच वर्षं बघायला नको. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. सिलिकॉनवर बार्नॅकल बसतात, फक्त पकड ढिली असते म्हणून स्पीडला गळून पडतात, आणि तुमची बोट बराच वेळ नांगरावर उभी, त्यात वाळूला तळ घासणार, दोर घासणार, तो नाजूक थर टिकायचा कसा? तुम्हाला सेल्फ-पॉलिशिंगच बरा, तो पाण्यात हळूहळू झिजतो आणि बार्नॅकलना रोखणारं आतलं ताजं कॉपर वर येत राहतं. म्हणजे थर जेवढा जाड तेवढं आयुष्य, खरी गोम इथेच आहे.

हिशोब करू. रुंदी आणि खोली मिळून 3, गुणिले लांबी 9, म्हणजे पाण्याखाली ढोबळ 27 चौरस मीटर. डब्यावर सॉलिड्स (सुकल्यावर उरणारा भाग) आकारमानाने 50 टक्के लिहिलंय असं धरा, तर 4 लिटरमधून सुकल्यावर 2 लिटरच उरतो, तो 27 चौरस मीटरवर पसरला की थर जेमतेम 75 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि थिनरने डबा पुरतो पण थर एक मायक्रॉनही वाढत नाही. 100 मायक्रॉनचे दोन हात हवे असतील तर 11 लिटर लागतो! पहिला हात लाल, दुसरा काळा मारा, लाल दिसायला लागला की वरचा संपला हे लगेच कळतं. नाळ (बोटीचं पुढचं टोक), सुकाणू आणि पाण्याची लाईन (बोट जिथवर पाण्यात बसते ती रेघ) इथे एक हात जादा, तिथेच झीज जास्त.

पावसाळ्यात बोट वर घेतली की त्याच दिवशी तळ खरवडा, ओलं असताना बार्नॅकल पटकन निघतात, सुकल्यावर जीव जातो. आधीचा पेंट कुठला ते माहीत नसेल तर वर सीलर कोट (जुन्या-नव्या पेंटमधला थर) द्या, नाहीतर नवा पेंट पोपडे धरून निघेल. अँटीफाउलिंग मात्र बोट उतरवायच्या तोंडावरच मारा, शेडखाली, तळ पूर्ण कोरडा असताना, कारण मारल्यावर किती दिवसांत पाण्यात घालायची ते डब्यावर दिलेलं असतं. जस्ताच्या अॅनोडला (बोटीचे धातूचे भाग गंजू नयेत म्हणून बसवलेला तुकडा) ब्रश लावू नका, रंगवला की तो कामातून गेला.

कुणी जुना टिनवाला पेंट आणून देतो म्हणाला तरी घेऊ नका प्लीज. 2008 पासून जगभर त्यावर बंदी आहे, त्याने शिंपल्या-कालवांची पैदासच बिघडते. आणि तुमचाही जुना पेंट घासताना पाणी मारून घासा, मास्क लावा, खाली ताडपत्री टाका, तो चुरा खाडीत जाऊ देऊ नका.