औषधाच्या गोळ्यांच्या कोटिंगसाठी एचपीएमसी (सेल्युलोजपासून बनवलेलं, पातळ थर तयार करणारं पॉलिमर) पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. काय चुकतंय?

पावडर थेट गार पाण्यात पडतेय, हेच. कणांचा बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो आणि आतली पावडर कोरडीच अडकते. मग कितीही घोटा. गंमत अशी की एचपीएमसी गार पाण्यात विरघळतं, गरम पाण्यात नाही. याचाच फायदा घ्यायचा.

१ किलो द्रावणासाठी ३०० ग्रॅम पाणी ८०-९० अंशांवर न्या. भोवरा पडेल इतपत ढवळत ६० ग्रॅम एचपीएमसी (५ सीपीएस ग्रेड, म्हणजे द्रावण पातळ ठेवणारा; सीपीएस हे द्रावणाच्या घट्टपणाचं माप) भुरभुरवा. सगळे कण ओले होऊन दुधाळ मिश्रण झालं की ढवळणं न थांबवता उरलेलं गार पाणी ओता. तापमान २५-३० अंशांखाली आलं की द्रावण पारदर्शक व्हायला लागतं. मग पीईजी ४०० (कोटिंगचा थर, म्हणजे फिल्म, लवचीक ठेवणारा द्रव) सुमारे ९ ग्रॅम घाला. ते नसेल तर फिल्म ठिसूळ होऊन कडांना तडकते.

फेस आला तर घाबरू नका, हे पॉलिमर थोडं साबणासारखं वागतं. वेग कमी करा आणि द्रावण रात्रभर झाकून ठेवा.

डब्यावरचा ग्रेडही तपासा. के१००एम असेल तर ते औषध हळूहळू सोडणाऱ्या मॅट्रिक्स गोळ्यांसाठी असतं; त्याचं २ टक्के द्रावणसुद्धा इतकं घट्ट होतं की कोटिंगच्या स्प्रे गनमधून जाणार नाही.