जॉनी ॲपलसीडची सफरचंदं : देशी, गावठी की रायवळ?

प्रश्न असा आहे : जॉनी ॲपलसीड म्हणजे सफरचंदाच्या बिया पेरत फिरणारा, अमेरिकेच्या दंतकथेत गेलेला माणूस. त्याच्यावरच्या लेखाच्या अनुवादात 'सीडलिंग ॲपल', म्हणजे कलम न करता बियांपासून वाढवलेलं सफरचंद, वारंवार येतं. त्याला 'देशी सफरचंद' म्हणावं की 'गावठी'? आणि तो 'बिया उधळत फिरला' हे वाक्य चालेल का?

'रायवळ' लिहा. 'देशी' चूकच आहे. खायचं सफरचंद मूळचं मध्य आशियातलं, ते अमेरिकेत युरोपीय वसाहतींबरोबर गेलं. 'गावठी'ला आधी गाव लागतं आणि जॉन चॅपमन (हे त्याचं खरं नाव, जन्म 1774, मॅसॅच्युसेट्स) तर ओहायोत गावं वसण्याआधीच पुढे जाऊन रोपं तयार ठेवत असे. हिंदीतला 'बीजू' अर्थाने नेमका आहे, पण मराठी कानाला परका.

'रायवळ' म्हणजे कलमी नव्हे ते. हापूसची कोय रुजवली तर हापूस मिळत नाही, हे आपल्याला माहीत असतं. सफरचंदाची गोष्ट याहून टोकाची. फळ आडवं कापा : मधोमध चांदणीसारखे पाच कप्पे दिसतील, प्रत्येकात साधारण दोन बिया. बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो. त्यामुळे एकाच फळातल्या दहा बियांपासून दहा निराळी झाडं होतात. जात टिकवायची तर तिची काडी कापून दुसऱ्या खुंटावर कलम बांधावंच लागतं. चॅपमन ते करत नसे. तो स्वीडनबोरीपंथी, म्हणजे स्वीडिश धर्मचिंतक स्वीडनबोरीचा ख्रिस्ती अनुयायी होता, आणि झाडाला अशी कापाकापी करणं त्याला दुष्टपणाचं वाटे, असं सांगतात.

हा शब्द फक्त आंब्यापुरता नाही का, ही शंका येईल. वखारीत 'रायवळ लाकूड' म्हणतात तेव्हा तिथे आंबा नसतो. साग वगळून उरलेलं सरमिसळ लाकूड असतं. निवड न केलेलं, मिश्र, हा अर्थ सफरचंदाला चपखल बसतो.

एक धोका मात्र आहे. रायवळ आंबा म्हटलं की चोखून खायचा, रसाळ आंबा डोळ्यांपुढे येतो. चॅपमनच्या झाडांची फळं बहुतेक आंबट-तुरट, मुख्यतः सायडर करायच्या कामाची. आणि त्या काळचं सायडर म्हणजे आंबवलेलं, मद्यार्क असलेलं पेय. तिथे 'सफरचंदाचा रस' लिहिलं की अर्थच बदलतो. 'सायडर' तसंच ठेवा.

आता 'उधळत'. हे क्रियापद दंतकथेचं आहे, माणसाचं नाही. चॅपमन पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या सायडरच्या चरकांवरून चोथा घेई आणि त्यातून बिया वेगळ्या करी. पुढे ओढ्याकाठची जागा साफ करून त्या पेरी आणि जनावरं शिरू नयेत म्हणून भोवती कुंपण घाली. सफरचंदाचं बी दोन-तीन महिने ओल्या थंडीत राहिल्याशिवाय नीट रुजत नाही. उघड्यावर उधळलेल्या बियांतून फारसं काही हाती लागलं नसतं. रोपं तो काही सेंटांना विकी, कधी जुन्या कपड्यांच्या बदल्यात देई. गिऱ्हाईकही होतं : वसाहतीसाठी जमिनी देणाऱ्या ओहायो कंपनीच्या काही जमिनींवर हक्क मिळवायला वसाहतकऱ्याला 50 सफरचंदाची आणि 20 पीचची झाडं लावणं बंधनकारक होतं. 1845 मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या नावावर सुमारे 1,200 एकर जमीन होती. डोक्यावर पत्र्याचं भांडं घातलेला अनवाणी साधू देशभर पसरला तो मुख्यतः हार्पर्स या अमेरिकी मासिकातल्या 1871 च्या लेखामुळे.

म्हणून जीवनाबद्दल लिहिताना 'चॅपमन' आणि 'रोपवाटिका लावल्या', दंतकथेबद्दल लिहिताना 'ॲपलसीड' आणि 'बिया उधळत गेला', असं वाटून घ्या. पहिल्या उल्लेखाला वाक्य असं होईल : 'चॅपमनने बियांपासून वाढवलेली, म्हणजे रायवळ, सफरचंदाची रोपं वसाहतकऱ्यांना विकली.' पुढे नुसतं 'रायवळ' पुरेल.