माझ्या भावाला अपस्मारासाठी (फिट येण्याच्या आजारासाठी) बसवलेल्या स्टिम्युलेटरच्या, म्हणजे मेंदूला विद्युत्-उत्तेजन देणाऱ्या यंत्राच्या, कागदावरील ‘५ व्होल्ट, ९० मायक्रोसेकंद, १४५ हर्ट्झ, १ मिनिट चालू, ५ मिनिटे बंद’ याचा अर्थ काय?

आपल्या भावाच्या कागदावरील या ओळीत अनुक्रमे विद्युत्-स्पंदाची तीव्रता, एका स्पंदाचा कालावधी, दर सेकंदाला दिल्या जाणाऱ्या स्पंदांची संख्या आणि उत्तेजनाचे चालू-बंद चक्र नोंदवलेले आहे. पुण्यातील एका न्यूरॉलॉजी ओपीडीत अशी पत्रके नातेवाइकांना मराठीतून समजावून सांगण्याचे काम मी करतो. अपस्मारासाठी थॅलॅमस या मेंदूच्या खोलवरच्या भागातील अग्र केंद्रकाला उत्तेजन देण्याच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘सॅन्टे’ चाचणीतही हेच आकडे होते. ‘बंद’ हा शब्द वाचून यंत्र बिघडले, असे समजून अनेक जण घाबरतात, परंतु ती पाच मिनिटांची विश्रांती मुद्दाम ठरवून दिलेली असते आणि त्यानंतर उत्तेजन आपोआप पुन्हा सुरू होते. कागदावर त्याखाली लिहिलेला ‘इम्पीडन्स’ ही सेटिंग नव्हे. तो विद्युत्-मार्गातील अवरोधाचे मोजमाप आहे आणि तो अवाजवी वाढला तर वायर तुटल्याची किंवा जोड सैल झाल्याची शक्यता तपासतात. मात्र हे चालू-बंद चक्र डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूच्या खोल भागाला उत्तेजन देणाऱ्या) यंत्राचे आहे. आरएनएस (रिस्पॉन्सिव्ह न्यूरोस्टिम्युलेशन, म्हणजे गरजेनुसार उत्तेजन देणाऱ्या) यंत्रात ‘डिटेक्शन’ म्हणजे मेंदूतील लहरींचा कोणता आकृतिबंध ओळखायचा, हे आधी ठरवतात आणि तो दिसला तरच उत्तेजन दिले जाते.